लिफ्ट अजून पेटीत

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार. गुलबर्गा
आज काम थांबलं. सकाळी दहाला वीरण्णा मालक आले, मिस्त्रीला बाजूला घेऊन कानडीत दोन वाक्यं बोलले, आणि दुपारपर्यंत गड्यांनी घमेली-फावडी धुऊन उपडी घातली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सातपैकी पाच स्लॅब झालेत. सिमेंट परमिटवर, आणि परमिट हातात असलं तर दुकानात सिमेंट नाही. लोखंडाला हात लावायची सोय नाही. मालकांची डाळ मिलही एकाच पाळीवर आलीय. त्यात सोलापूरच्या भागीदारानं हात आखडता घेतला.
सगळे पांगल्यावर विचारलं, "मालक, मी?"
"तू ऱ्हा की. लिफ्ट आलीय न्हवं? तू लिफ्टमन."
लिफ्ट आलीय खरी. खालच्या मजल्यावर पाच लाकडी पेट्यांत पडून आहे. जिथं ती चढायची तो चौकोनी बोगदा वरपर्यंत रिकामा. त्यात पारवे राहतात.

५ फेब्रुवारी
नऊला वर्दी घालून हजर. खाकी कोट, पितळी बटणं, टोपी. वॉचमन खाजाभाई म्हणाले, "मियाँ, किसको दिखारैं? पारव्यांना?"
मी म्हटलं, ड्यूटी ती ड्यूटी. लिफ्टच्या मोटारीच्या पेटीवर बसून राहिलो. पाचला उठलो. पगार अर्धा, पण काम शून्य, म्हणजे फायदा माझाच.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
रिकामं बसलं की हैदराबाद आठवतं. दोन महिने तिथल्या एका लॉजात शिकायला ठेवलं होतं मालकांनी. शिकायचं ते काय, जाळी ओढा, बटण दाबा, मजल्याच्या रेषेत थांबवा. चार दिवसांत येतं. पण मला तिथं दुसरंच काही आवडलं. गावात अप्पा, माझा बाप, आजही पाटलांच्या ओसरीखाली उभं राहून बोलतो. धम्म घेऊन अठरा वर्षं होत आली तरी पाय वर चढत नाही त्याचा. आणि लिफ्टमध्ये धोतरवाले, सुटाबुटातले, जानवंवाले, सगळे माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. जागाच तेवढी. "तिसरा" म्हणायचे, मी जाळी ओढायचो. बाजूला हो असं दोन महिन्यांत कुणी म्हणालं नाही.
म्हणून ही नोकरी पाहिजे मला. हे कुणाला सांगितलेलं नाही.

५ मार्च
कमलनगरहून अप्पाचं पत्र. औरादचं स्थळ जवळजवळ पक्कं. मुलगी शांता, जानेवारीत पाहिली होती ती. सातवी पास. पोहे देताना तिनं एकच प्रश्न विचारला होता, तोही हळू, आईची पाठ फिरल्यावर. "लिफ्टमंदी भ्या वाटतंय का?" मी म्हणालो, "वर जाताना न्हाई. थांबताना पोटात गोळा येतो." हसली. दोन महिने झाले, अजून ते हसणं डोळ्यासमोरून जात नाही. लिहिताना लाज वाटतेय, पण वही माझी आहे.
पत्रात पुढं : मुलीचे वडील शिवरामकाका आणि त्यांची थोरली बहीण गिरजाआत्या तुझी नोकरी बघायला येणार आहेत. घर बघितलं, आता लिफ्ट बघायची म्हणतात. मी त्यांना सात मजल्यांची लिफ्ट चालवतो म्हणून सांगितलंय. नीट दाखव.
अप्पाला काम थांबल्याचं मी कळवलं नव्हतं. चूक माझीच. उद्या कळवतो.

९ मार्च
कळवलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार
खाजाभाईंना, म्हणजे खा.भा.ना, सगळं सांगितलं. खरं सांगून टाकावं असं माझं मत होतं, अर्धं तरी. खा.भा. म्हणाले, "नक्को. शादी हातसे जाएगी. लाइट तो रोज जाती ना? लाइट गयी बोलो."
लिफ्टची बाकीची यंत्रं सुटी आहेत, केबिन तेवढी आख्खी जोडून आलीय. पेटी फोडली. मिलमधले चार हमाल बोलावले. बोगद्याच्या तळाला खड्डा आहे, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्या टाकल्या आणि केबिन ढकलत नेऊन आत उभी केली. जाळी लावली. बटणांची पट्टी पुसली. आत बसायचं छोटं स्टूल ठेवलं.
लांब उभं राहून बघितलं. अगदी हैदराबाद. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं की बटण दाबलं तर वर जाईल.

१७ मार्च, रविवार
पाहुणे पहाटेच्या बसनं निघून बाराला पोचले. मी वर्दीत, जाळीपाशी उभा. शिवरामकाका साधा माणूस, बघूनच खूश. गिरजाआत्या साठीच्या, बारीक, डोळे मात्र तिखट.
"चालीव की बाबू."
"आत्या, लाइट गेलीय."
"कवा यील?"
"सांगता येत न्हाई. कधी कधी दिवसभर..."
"मग बसतो. लाइटीसाठीच आलोय एवढ्या लांबनं."
आणि आत जाऊन स्टुलावर बसल्या. मला वाटलं दहा मिनिटं बसतील. अडीच तास बसल्या. केबिनमध्येच गाठोडं सोडलं, भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, मलाही दिली. मी उभ्यानं खाल्ली.
समोर रस्त्यापलीकडं टेलरचं दुकान. त्याचा पंखा गरगर फिरत होता. माझं लक्ष गेलं तेव्हा आत्याही तिकडंच बघत होत्या.
"त्याच्याकडं कशी काय?"
"ती लाइन वेगळी."
"असंल."
खा.भा. तोंडात रुमाल कोंबून पलीकडं गेले.
तीनला आत्या उठल्या, पदर झटकला आणि शिवरामकाकांना म्हणाल्या, "आलो का रं आपुन वर?"
मग जिन्यानं पाचव्या स्लॅबवर नेलं. किल्ला दिसतो, दर्ग्याचा घुमट दिसतो, डाळ मिलची धुराडी, सोलापूरकडं जाणारी गाडी. काका "लई उंच, लई उंच" म्हणत राहिले. वरचे दोन मजले कुठायत असं आत्यांनी विचारलं. काम चालू आहे म्हणालो. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. वर एक माणूस नव्हता.

१८ मार्च
रात्री पाहुणे नातेवाइकांकडं राहिले, सकाळच्या बसला मी पोचवायला गेलो. बस सुटताना आत्या खिडकीतून म्हणाल्या, "काही सांगायचं ऱ्हायलं आसंल तर पत्र धाड." मी "व्हय" म्हणालो. काय सांगायचं राहिलं असं त्यांना वाटलं असेल?

२६ मार्च, मंगळवार
अप्पाचं पत्र. होकार आला. वैशाख पौर्णिमेनंतर तारीख धरू म्हणतात.
आनंद झाला. खा.भा.नी समोरच्या हॉटेलातून चहा आणि खारी मागवली. खाताना टेलरच्या पंख्याकडं बघवेना. संध्याकाळी पत्र लिहायला बसलो, शिवरामकाकांच्या नावानं. "सप्रेम जयभीम, पत्रास कारण की" एवढं झालं. पुढं न लिहिता फाडलं.

३० मार्च
पुन्हा फाडलं. चांगला कागद वाया.

४ एप्रिल, गुरुवार
मालक आले. आल्या आल्या हसायला लागले. खा.भा.नी पाहुण्यांची सगळी हकिगत सांगितली होती. मालक केबिनभोवती एक फेरी मारून आले, जाळी उघडली, मिटली. हसू हळूहळू गेलं.
"किसन, काढू नको हे. असंच ऱ्हाऊ दे."
सोलापूरचे शेठ पुढच्या बुधवारी पुन्हा बघायला येतायत. त्यांनी भागीदारी धरली तर काम चालू. नाहीतर लिफ्ट हैदराबादच्या कुणाला तरी विकायची बोलणी आहेत. शेठना लिफ्ट लागली असं दिसलं की इमारत संपत आली असं वाटेल, असा मालकांचा हिशेब.
"तू वर्दीत हुबा ऱ्हा. इचारलं तर लाइट गेली म्हण. तुला जमतंय की ते."
मालक वाईट माणूस नाही. काम थांबूनही मला आणि खा.भा.ना काढलं नाही. आणि मागतायत ते तरी काय, मी एकदा केलेलंच पुन्हा करायचं. नाही म्हणायला माझ्याकडं तोंडच नाही.
हो म्हणालो.

८ एप्रिल
खा.भा. दोनदा म्हणाले, "डरू नक्को, अल्ला मालिक." म्हणजे तेही घाबरलेत. त्यांच्या घरी खाणारी सात तोंडं.

१० एप्रिल, बुधवार
शेठ अकराला आले. म्हातारे, हातात काठी, पांढरी टोपी. मालक मागं, मालकांचे मुनीम त्यांच्या मागं. शेठनी खांब बघितले, काठीनं भिंत वाजवून बघितली. मग केबिनसमोर आले. माझ्या कपाळावर घाम.
मला वाटलं ते विचारतील, चालू आहे का. उत्तर पाठ होतं. पण ते काही न विचारता आत आले, चपला बाहेर काढून. देवळात काढतात तशा. माझ्या खांद्याला खांदा लागला. काठी पुढं धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पाचवा."
हैदराबादला म्हणायचे तसंच.
माझा हात बटणावर गेला सुद्धा. आणि मग तोंडातून निघालं, "शेठ, मोटार अजून पेटीत आहे. ही फळ्यांवर उभी केलीय."
"कशाला?"
"दाखवायला."
मालक खाकरले. शेठ बाहेर आले, चपला घातल्या, आणि भिंतीला धरून एकेक पायरी चढत पाचव्यापर्यंत गेले. वर काय बोलणं झालं ठाऊक नाही. उतरल्यावर कळवतो म्हणाले आणि गाडीत बसले.
मालकांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त घाम पुसला. "गावाला जाऊन ये चार दिवस. मग बघू." वर्दी घेऊन जाऊ की इथंच ठेवू, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. खा.भा. दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. पाचला मात्र माझी पिशवी उचलून बस स्टँडपर्यंत आले.

१४ एप्रिल, रविवार. कमलनगर
जयंतीची मिरवणूक झाली. अप्पाचा फेटा, निळं उपरणं. भेटेल त्याला माझा दंड धरून सांगत होता, "आमचा किसन, सात मजल्यांची लिफ्ट चालवतोय." लोक माझ्याकडं वर बघितल्यासारखं बघत होते.
घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. लिफ्ट, पंखा, शेठ, सगळं. बराच वेळ फेटा सोडत बसला. मग म्हणाला, "मलाबी खोटं पाडलंस की रं." एवढंच. मला मार परवडला असता.
आई म्हणाली औरादला पत्र टाक. अप्पा म्हणाला, "पत्र न्हाई. तोंडानं केलंय, तोंडानंच सांगून यील."

१५ एप्रिल, सोमवार. औराद
शिवरामकाकांच्या ओसरीवर बसून लिहितोय. वही पिशवीतच होती. इथं दुसरं करण्यासारखं काही नाही.
दोनला आलो. पाणी दिलं, चहा दिला. काका आणि आत्या समोर बसले. मी एका दमात सांगून टाकलं. काम फेब्रुवारीतच थांबलं होतं, लिफ्ट लागलेलीच नाही, लाइट गेली नव्हती. आता नोकरी राहील का तेही सांगता येत नाही.
काका खाली बघत राहिले. आत्या म्हणाल्या, "आमाला त्याच दिवशी कळलं हुतं."
"मग होकार कामून दिला?"
"आमी कशाला देऊ? शांतीनं दिला. घरी यिऊन तिला समदं सांगितलं, पंखा, फळ्या, समदं. लई हसली. म्हनली, सांगतील की ते, लाजले असतील. रोज पोस्टमन आला की दारात हुबी ऱ्हायची."
मी चहाची बशी खाली ठेवली.
"महिना झाला, बाबू. आता हसंना झालीय."
मी म्हणालो, दोनदा लिहिलं होतं, फाडलं. बोलताना माझं मलाच ऐकवेना. आत्या म्हणाल्या, "ते मला कशाला सांगायलास? खोटं मला बोललास, ते मी भाकरीबरुबर खाल्लं. वाट तिनं बघितलीय. तिला इचार. ती म्हनंल तसं."
आणि उठून आत गेल्या. काकाही बैलाला पाणी दाखवायला गेले.
तेव्हापासून इथं बसलोय. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय. तीच असावी. आत्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या, मग थापणं थांबलं, मग पुन्हा चालू झालं. मला आत बोलावलेलं नाही. जा असंही कुणी म्हटलेलं नाही.
शेवटची बस सहाला आहे. आता पावणेसहा झाले. स्टँड इथून दहा मिनिटांवर. पिशवी मी मघाशी पायाशी ठेवली होती, ती आता खांबामागं सरकवून ठेवलीय.