मकासारचे पाच वाजून दहा मिनिटं

कालिसोगो, मंगळवार पाहिंग
संध्याकाळचे चार वाजून बेचाळीस मिनिटं (भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलंय)

चिरंजीव लेगिमान,

थोरल्या भावाचे, म्हणजे माझे, पोनिजानचे, पोटभर आशीर्वाद. तुझी साखर, तुझा गुडघा आणि तुझा कोंबडा (गेल्या पत्रात तिघांचीही प्रकृती नाजूक होती) आता कसे आहेत ते कळव. कळव म्हणजे याच वर्षी कळव. मागच्या ईदच्या पत्राचं उत्तर तू या ईदला धाडलंस आणि वर 'उशीर झाला असल्यास क्षमस्व' असं लिहिलंस. त्यातला 'असल्यास' वाचून तुझी वहिनी, तुगिनेम, दोन दिवस हसत होती. तुगिनेमला इस्पितळातून घरी आणून आता महिना झाला. छातीतली घरघर कमी आहे, पण जिना चढवत नाही. चार वाजता एक पांढरी गोळी द्यायची असते, ती मी चारला म्हणजे चारलाच देतो. ती हसली की मला बरं वाटतं, हे तिला सांगू नकोस.

तुझ्या साठीला पाठवलेलं मनगटी घड्याळ मिळालं असेलच. एकतीस वर्षं स्टेशनात काढल्याबद्दल रेल्वेने ते मला दिलं होतं आणि आजवर त्याने मला एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही. ते तुला द्यायचं कारण तुला ठाऊक आहे. तू जन्मालाच दोन आठवडे उशिरा आलास. स्वतःच्या लग्नात पोचलास तेव्हा पाहुणे जेवून, हात धुऊन, पान खाऊन निघाले होते, आणि तुझा सासरा दारात उभा राहून मला, म्हणजे तुझ्या भावाला, 'जावईबापू, या' म्हणत होता. सगळा गाव म्हणतो की लेगिमानचं घड्याळ रबराचं आहे. मला त्याची लाज वाटायची. वाटायची, असं मुद्दाम लिहितोय, कारण खाली जे सांगणार आहे त्यानंतर लाज उरलेली नाही.

आपल्या गल्लीत वेळ विचारली तर काय उत्तर मिळतं ते तुला माहीत आहे. 'दुपार आहे अजून.' 'अर्धे पाच झाले असतील.' (साडेचारला अर्धे पाच म्हणून मोकळे होतात आणि मग त्या अर्ध्यात दोन्ही बाजूंनी हवं तेवढं लोळतात.) 'अस्रची, दुपारनंतरची नमाज झाली ना, मग तेवढेच.' मला हे कधी जमलं नाही. मी वेळ सांगतो ती मिनिटासकट, आणि स्टेशनातली सवय म्हणून सोबत पुरावाही देतो. सोळा सतरा, बघा तो कस्दी सुतार रंधा खाली ठेवतोय, असं. लोक तोंडावर मान डोलावतात आणि पाठ फिरली की हसतात. मला वाटायचं, अडाणी आहेत.

तीन पाहिंगांमागे (बाजाराचा हा वार दर पाच दिवसांनी येतो), म्हणजे आजपासून पंधरा दिवसांपूर्वी, मी कुंपणाशी मिरच्यांना पाणी घालत होतो. कोंबड्या आपोआप झाडावर चढल्या. चार वाजून गेले होते, ऊन स्वच्छ होतं, कोंबड्यांना चढायचं काहीच कारण नव्हतं. बघतो तर कुंपणापलीकडे एक म्हातारी. पाठीला बायका टोपली बांधतात तसं कापड बांधलेलं, पण टोपली नाही, कापडात काहीच नाही, तरी ओझ्याने वाकलेली. सकाळच्या पावसाने गल्लीत घोटाभर चिखल होता आणि तिचे पाय कोरडे होते. 'बाबा, किती वाजले?' मी म्हटलं, सोळा सतरा, बघा तो कस्दी सुतार रंधा खाली ठेवतोय. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. कस्दीच्या घराकडे पाहिलं, 'सोळा सतरा, कस्दी' असं दोनदा पुटपुटली आणि कापडाच्या टोकाला एक गाठ मारली. विसराळू असेल, असं म्हणून मी मिरच्यांकडे वळलो.

पुढच्या पाहिंगला पुन्हा कोंबड्या झाडावर, पुन्हा ती. मी सांगितलं, सोळा पंचवीस, सारिंतेनबाईंची टोफूची गाडी वळली. गाठ मारली, गेली. त्याच दिवशी मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजेच्या, आधी मशिदीच्या भोंग्यावर म्हातारे मुकिदी खाकरले. (मुकिदी मशीद झाडतात, नगारा वाजवतात आणि कोण गेलं ते सांगतात. ते दोनदा खाकरले की गल्लीतल्या चुली आपोआप मंद होतात.) कस्दी सुतार आज सोळा वाजून सतरा मिनिटांनी देवाघरी गेले, दफन उद्या सकाळी नऊला. लेगी, मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो. या गावात पहिल्यांदाच कुणीतरी मिनिटासकट काही केलं, असं मनात आलं. मग मला कापडाची ती गाठ आठवली, आणि त्याच दुपारची दुसरी.

त्यापुढच्या पाहिंगला मी न्हाणीघरात लपून बसलो. पाऊण तास बादलीवर. (तुगिनेम बाहेरून विचारत होती, पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं. मग रात्री मला नुसती पेज मिळाली.) पाच वाजता मुकिदी दोनदा खाकरले. सारिंतेनबाई, सोळा पंचवीस. गाडी वळवता वळवता.

मी तडक मशिदीत गेलो. मुकिदी पायऱ्या झाडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी झाडूसुद्धा थांबवला नाही.

'मिनिटासकट सांगितलंत?'

'मग कशी सांगणार?'

'आणि माणसाचं नावही दिलंत? अहो, माझा बाप तिला म्हणायचा, अस्र झाली आजी, आता मगरिब. अस्र आणि मगरिबच्या मध्ये किती वेळ असतो! ती शोधत बसते बिचारी, सापडत नाही, परत जाते. तेव्हाही ती इतकीच म्हातारी होती.'

'मग मला कुणी आधी का नाही सांगितलं?'

'सगळा गाव तुम्हाला चाळीस वर्षं सांगतोय की स्टेशनबाबा, जरा सैल सोडा. तुम्ही ऐकता?'

घरी येताना मला पहिल्यांदा समजलं की ही माणसं आळशी नाहीत. 'दुपार आहे अजून' म्हणत म्हणत त्यांनी एकमेकांना इतकी वर्षं सांभाळलंय. मी तेवढा शहाणा निघालो, आणि माझ्या शहाणपणाने दोन घरं बुडवली. कस्दीच्या बायकोकडे मला बघवत नाही.

आज पुन्हा पाहिंग. सकाळपासून मी पाठ करत होतो, अस्र झाली आजी, अस्र झाली आजी. चार वाजता तुगिनेमला गोळी द्यायची, ती या घोकण्यात राहिली. कोंबड्या चढल्या. ती आली. 'बाबा, किती वाजले?' मी तोंड उघडलं आणि नेमकी आतून तुगिनेमची हाक आली, 'अहो, किती वाजले? माझी गोळी?' म्हातारीने मान वळवली. पहिल्यांदाच तिने आमच्या दाराकडे पाहिलं, आणि कापडाचं टोक हातात घेतलं. 'आत कोण आहे? तिचे किती वाजले?'

लेगी, माझी जीभ माझी राहिली नाही. इथलं विचारू नका, मी ओरडलो, मकासारला पाच वाजून दहा मिनिटं झाली, माझा भाऊ लेगिमान चहाला बसला असेल! (इथे चार दहा झाले होते. तुमच्याकडे एक तास पुढे. हिशेबात माझी चूक होत नाही.) तिने शांतपणे गाठ मारली आणि गेली. मी आत जाऊन गोळी दिली आणि हे पत्र लिहायला बसलो. पुढचा पाहिंग येत्या रविवारी आहे. तुगिनेमला मी यातलं काही सांगितलेलं नाही, छाती नाजूक आहे.

असो. सुनेला व मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला खोबरेल चोळत जा.

तुझा,
पोनिजान

ता. क. ते घड्याळ मनगटावरून काढ. विहिरीत टाक. उभ्या जन्मात तू कुठे वेळेवर पोचला नाहीस, एवढ्या एका भरवशावर मी तुझं नाव घेतलं. ती बोट चुकली होती तुझी, जी पुढे तीन दिवस गाळात रुतली, आठवतं? तसंच यावेळी चुकव. रविवारी चहा पाचला पिऊ नकोस, सातला पी. सुधारू नकोस, लेगी, मी हात जोडतो.

ता. क. २. माझा राग आला तर तोही धर. मला दुसरं कुणाचं नाव सुचायला हवं होतं, पण या जगात मला माणसं दोनच.

*

भाऊजी, मी तुगिनेम. हे हाजींच्या दुकानात टपालाचं तिकीट आणायला गेलेत आणि पत्र टेबलावर उघडंच होतं. या घरात भिंती बांबूच्या आहेत. आज सकाळी न्हाणीघरात हे 'अस्र झाली आजी' घोकत होते तेव्हापासून मला सगळं ठाऊक आहे.

हे गेले आणि ती परत आली. पायरीवर टेकली. म्हणाली, मकासार समुद्रापलीकडे आहे, पाण्यावरून चालताना माझे पाय फार दुखतात गं. मला दया आली. आत बोलावून चहा दिला, तीन चमचे साखर घेतली तिने. बिचारीला आजवर कुणी आत बोलावलेलंच नाही. मग तिने विचारलं, बाई, खरे किती वाजले? मी भिंतीवर पाहिलं आणि सांगितलं, सहाला वीस कमी, आणि मी तुगिनेम. तिने तुमची गाठ माझ्यासमोर सोडली. माझी मारली. बोटं फार मऊ आहेत तिची.

डॉक्टरांनी मला काय सांगितलं ते मी ह्यांना सांगितलेलं नाही. चारची गोळी साखरेची आहे, मीच मागितली, ह्यांना काहीतरी वेळेवर करायला मिळावं म्हणून. म्हणून तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

घड्याळ विहिरीत टाकू नका. हातात बांधा, शुक्रवारची बोट धरा आणि रविवारी सहाला वीस कमी व्हायच्या आत इथे या. मुकिदी खाकरतील तेव्हा ह्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. ह्यांना साखरेचा डबासुद्धा सापडत नाही.

या एकदाच, भाऊजी, उशीर करू नका. पाकीट मी चिकटवते आहे.