साकवावरचा चढ

घरून, ता. पेण
रविवार, १८ जानेवारी २०२६
पौष अमावास्या

तीर्थस्वरूप दादांस,
दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

(तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, थोरल्या भावाला तीर्थस्वरूप. हल्ली सर्रास चुकतात, म्हणून सांगितलं.)

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे वहिनी आणि मुलं ठीक असतील असं धरून पुढे लिहितो. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. बोलत होतो तेव्हाही फोनवर आपण दोघंही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसू. कागदावर निदान माझं तरी पुरं होईल.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. आता तिला भिंतीवरची पाल दिसते आणि माझी वाढलेली दाढीही दिसते. वाल यंदा चांगला आलाय. अंगणालगतच्या तुकड्यातल्या शेंगा मडक्यात भाजायला, पोपटीला तयार आहेत. आई रोज म्हणते, "त्याला लिव, शेंगा न्यायला ये." लिहितो म्हटलं होतं. लिहिलं.

पेणला माझं अर्ज लिहून द्यायचं दुकान चालू आहेच. त्याशिवाय दसऱ्यापासून एक काम अंगावर घेतलंय. मुंबईच्या एका संस्थेचं संशोधन आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना भेदभावाचे काय अनुभव येतात, आणि त्यामुळे ती गावच्या कामात पुढे येतात की मागे सरतात, हे बघायचं. पेण आणि रोहा, दोन तालुके. त्यांना इथला माणूस हवा होता. शिक्षण विचारलं तेव्हा दहावीचं प्रमाणपत्र दाखवलं, आणि त्यांचीच प्रश्नावली वाचून तिच्यातल्या चुका दाखवल्या. घेतलं. "नागरी सहभाग" असा शब्द होता त्यात. नववीच्या पोराला विचारून बघ, तो छताकडे बघेल. मी तिथे घातलं, "गावच्या कामात तू कधी हात घातलास का?" मग एकेक बोलायला लागली. कोणी पाण्याच्या टाकीवर चढून झाकण बसवलं होतं, कोणी बंद दिव्यासाठी वायरमनला पकडून आणलं होतं.

या कामाच्या मुख्य डेबोराबाई रोहेकर. राहायला ठाण्याला. बेने इस्रायल आहेत, कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज रोह्याचे तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आडनाव रोह्याचं, पण रोह्यात आता आमचं कोणी नाही, असं त्या हसत सांगतात. माझं आडनाव रोह्याचं नाही, पण माझं माणूस तिथे आहे.

प्रश्नावली झाली की दुसऱ्या दिवशी बाई मुलांना जमिनीवर आपलं गाव काढायला लावतात. रांगोळीने रस्ते, घरं, विहीर, देऊळ. मग जिथे आपण बिनधास्त जातो तिथे वालाचा दाणा ठेवायचा आणि जिथे थांबावं लागतं तिथे चिंचोका. बोलायची सक्ती नाही. दाणे माझी कल्पना. त्या खडे घेणार होत्या. रांगोळीत खडे दिसत नाहीत.

डिसेंबरात हे आपल्या गावात झालं, समाजमंदिराच्या ओट्यावर. मी बाईंना आधीच म्हटलं होतं, आमचं गाव सोडा, इथे तसलं काही नाही. त्या म्हणाल्या, मग तर घ्यायलाच हवं, "काही नाही" हीसुद्धा नोंद लागते.

आता पुढचं लिहितो त्यात नाव येतं. अहवालात मुलांची नावं घालायची नसतात, आणि मी नियम मोडत नाही. पण या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "घाला की. गावाला माहितीच हाय."

मनाली तिचं नाव. ओहोळापलीकडच्या कातकरवाडीतली. आईबाप दिवाळी झाली की कोळशाच्या भट्टीवर जातात आणि ही आजीजवळ राहून शाळा करते. सगळ्यांचे दाणे ठेवून झाल्यावर तिने एकच चिंचोका उचलला आणि ओहोळावरच्या साकवावर ठेवला.

सरपंच विमलबाईंचा नातू आदर्श तिच्याच वर्गात आहे. तो म्हणाला, "तिथं काय? खेकडं अडवतात तुला?"

पोरं हसली. तीही थोडी हसली. मग म्हणाली, "मला नाय कोण अडवत. पालखी अडते. तिथनंच वळते."

का वळते, असं बाईंनी विचारलं. मी मध्ये बोललो. नोंद घेणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, पण चुकीची माहिती जाऊ नये म्हणून बोललो. सांगितलं की पूर्वी तिथे साकव नव्हता, आंब्याची नुसती फळी होती. देवीची पालखी घेऊन ओहोळ ओलांडता येत नसे, म्हणून आमच्या आजोबांपासून ती तिथून वळवतात.

"आता जेसीबी जातो, काका," मनाली म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पुढचा प्रश्न छापील आहे, सगळ्या गावांत तोच विचारतात. हे कोण ठरवतं? मनालीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दादा. नकाशात पेण कुठे आहे ते दाखवावं, तसं बोट केलं. "ह्येच. पुढचा खांदा ह्यांचाच असतो. ह्ये वळले की मागचे वळतात."

नाव लिहायचं नसतं, म्हणून मी नोंदीत लिहिलं, "पुढचा खांदा." अक्षर नेहमीसारखंच आलं.

संध्याकाळी एस.टी.ची वाट बघताना डेबोराबाई एवढंच म्हणाल्या, की नोंद तुम्ही बरोबर घेतलीत. त्या वाद घालत्या तर माझ्याकडे उत्तरं होती.

घरी येऊन आईला विचारलं, फळीच्या आधी काय होतं, कधीपासून वळवतात. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवापण तिथंच वळली. मी कोणाला इचारलं नाय." आणि पुढची शेंग घेतली.

गोष्ट तिथे संपली असती. पण ग्रामसभेआधी मुलांची बालसभा घ्यावी लागते. आपल्याकडे ती दरवर्षी कागदावर होते. यंदा पोरांनी ती खरोखरची घ्यायला लावली आणि तिच्यात अर्ज दिला, की माघी पुनवेच्या जत्रेत पालखी साकवावरून वाडीत यावी. अर्जावर आदर्शचीही सही आहे, तो खेकड्यांचं बोललेला. विमलबाई टाळायला लागल्या तेव्हा तोच सगळ्यांदेखत म्हणाला, "आज्जी, वाचून तरी दाखव गो."

तालुक्यातली माणसं अर्जासाठी माझ्याकडे येतात. ही पोरं आली नाहीत. मनालीने स्वतः लिहिला. मला तो सभेत ऐकायला मिळाला आणि नंतर वाचायला. एक अनुस्वार सोडला तर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

विमलबाईंनी उत्तर छान दिलं. म्हणाल्या, "पालखीचा मान त्या घराचा. दोघा भावांनी एका तोंडाने सांगितलं तर गावाची हरकत नाय." बाई हुशार आहे. आपण बोलत नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाही म्हणायची याहून सोपी रीत नव्हती, आणि वाईटपणाही त्यांच्याकडे जात नव्हता. मोठी माणसं उठायलाही लागली.

मनाली उठली नाही. तिने मला विचारलं, "दुसरे काका कुठं असतात?"

म्हटलं, "रोह्याला."

"मग लांब नाय," ती म्हणाली. "गाडी हाय."

दादा, त्या दिवसापासून हे पत्र लिहितोय. आधीचे कागद फाडले. त्यांत सगळं बरोबर होतं, फक्त तू येण्यासारखं काही नव्हतं.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे. तोवर दोघांचा होकार आला नाही तर विषय पुढल्या वर्षावर जाईल. पुढल्या वर्षी मनालीची दहावी. तिची आजी आता थकलीय. म्हातारीला झेपेनासं झालं तर आईबाप पोरीला भट्टीवर घेऊन जातील. मग अर्ज कोणाचा आणि वाट कोण बघणार? बाईंच्या अहवालात एक ओळ येईल, की पुढे आलेली मुलं मागे सरली. ती ओळही बहुधा मलाच लिहावी लागेल.

आणखी एक. नोव्हेंबरात रोह्याच्या शाळेत याच कामासाठी आलो होतो. काम दुपारी आटोपलं. बाजारात तू दिसलास, शेवग्याच्या शेंगांवरून भाजीवाल्याशी घासाघीस करत होतास. केस सगळे पिकलेत तुझे. दहा पावलांवर होतो. मी बाजूच्या गल्लीत वळलो. गाडीला वेळ होता, तो स्टेशनावर बसून काढला. चिंचोका ठेवायची वेळ माझ्यावर आली असती तर मी तो तिथे ठेवला असता. पण मला अडवणारं तिथे कोणी नव्हतं.

आपलं बोलणं तुटलं त्या जत्रेविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण न लिहिता पुढे जाता येत नाही. तू उशिरा आलास, हे मी आजही म्हणतो. तुझी शिफ्ट लांबली हे खरं, पालखी ताटकळली हेही खरं, आणि मुहूर्त टळत होता. तुझ्या जागी पुढे मी उचलली. तू कंपनीच्या कपड्यांतच पळत आलास आणि मला पुढे बघून परत फिरलास. थांबून एक शब्द बोलला असतास तर मी खांदा बदलला असता. मीही हाक मारली नाही. दोन्ही बाजू लिहिल्या. यात कमी-जास्त वाटलं तर आल्यावर सांग, दुरुस्त करीन.

आता मुद्द्याचं. मी एकट्याने पालखी साकवावरून न्यायची ठरवली तर काय होईल ते मला माहीत आहे. म्हणतील, दिनानाथला पुस्तकं वाचून शिंगं फुटली, मुंबईच्या बाईने त्याला शिकवलं. साकवापर्यंत पोचायच्या आत दांडा माझ्या खांद्यावरून काढून घेतील. पण पुढे थोरला आणि मागे धाकटा असे आपण दोघं दिसलो, तर ते कसं थांबवायचं याचा कोणी विचारच केलेला नाही. आपण पुन्हा एकत्र येऊ असं गावाने धरलेलंच नाही. तोंडाने होकार द्यायला सव्वीसला ये, आणि पालखीला पुनवेला. पुनव रविवारी आहे, एक फेब्रुवारी. शिफ्टचं तू आधीच बघून ठेव.

पुढे तू. मान थोरल्याचा म्हणून नाही, त्यावर माझं मत वेगळं आहे आणि तुला ते माहीत आहे. पुढचा वळतो तिकडे मागचे वळतात, आणि मी तिथून इतकी वर्षं वळलोय की पायांवर माझा भरवसा नाही. तू पाच जत्रा आला नाहीस. तुझ्या पायांची ती सवय मोडली असेल.

काल साकवावर जाऊन आलो. वाडीच्या बाजूला चढ आहे. जाऊन बघेपर्यंत मला तो इतका वाटला नव्हता. तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच, त्यात चढाला पुढे, म्हणजे पालखी मागे कलणार आणि देवीचा मुखवटा सरकणार. आईला सांगून माझ्यासाठी खांद्याची उशी दुहेरी शिवून घेतलीय. मागची बाजू तेवढी उचलली की पालखी सरळ राहते. आईचं माप घेऊन झालंय. तुझ्यासाठी जुनीच पुरेल, ती बाबांची. पेटीत आहे.

मनालीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारतही नाही. रोज शाळेत जाताना साकवावरून येते, मला बघते आणि पुढे जाते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शेंगा काढायच्या ठेवल्यात.

तुझ्या पाठीकडे बघत चालणारा,
दिनानाथ