वर्नाची दाढ

वर्ना,

तू कामावरून येशील तेव्हा मी जत्रेच्या मैदानावर असेन. उद्या तिथे दातांचं फुकट शिबिर आहे, म्हणून रांगेत जागा धरायला आत्ताच निघतोय. सकाळी ये, तुझी दाढ दाखवू. हल्ली मक्याचा पावसुद्धा दुधात भिजवून खातेस, ते मला दिसतं.

कारखान्यातून मिळणारा दातांचा विमा घेऊ या, असं तू म्हणत होतीस. "न दुखणाऱ्या दातांसाठी दर महिन्याला पैसे कशाला?" असं म्हणत तिथे नको म्हणून सांगून आलो तो मीच.

मागच्या वर्षी याच रांगेतल्या लोकांना आपण चर्चतर्फे कॉफी वाटली. "यांना वेळेवर विमा काढायला काय झालं होतं?" हेही मीच बोललो होतो. उद्या चर्चमधलं कुणी कॉफी घेऊन आलं, तर तू मान खाली घालू नकोस. ती मी घालेन.

डेल