सव्वा मूठ गहू

२२ जुलै, मंगळवार
आज पुन्हा पाहुणे. साक्रीची आतेसासू. मनूकडे बघून पदर तोंडाला लावला, मग चहा घेतला, मग विचारलं, मुंबईहून परत का आणली. म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलं, आता औषध लागू पडत नाही, घरी न्या. त्यावर, डॉक्टरला काय समजतं! शिरपूरकडचा कोणी झाडपाला देतो म्हणे. त्याचा नंबर घेतल्याशिवाय उठेना. घेतला. ती गेल्यावर चुलीत घातला.
आठ वर्षांची पोर आहे माझी. प्रदर्शन नाही.

२५ जुलै, शुक्र.
धुळ्याच्या सिस्टर आल्या. मुंबईहून आल्यापासून त्याच घरी येऊन बघतात. त्यांच्या हळू आवाजाचा मला राग यायचा, अजूनही येतो. पण मॉर्फिन सुरू झाल्यापासून मनू झोपते, हे खरं. आज पुन्हा बजावलं, दुखायची वाट बघायची नाही, वेळ झाली की द्यायचं. धाप लागली तर डोकं उंच, तोंडावर पंखा.
दाराशी सोडताना विचारलं, किती? म्हणाल्या, आता दिवसांवर आलंय.
मोठे दीर, नाना, ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले की पोरीला अफू पाजतात. याच नानांनी मांडीला सूज दिसली तेव्हा लचक म्हणून तेल चोळायला लावलं होतं. मी आत निघून गेले. बोलायला सुरू झाले असते तर थांबले नसते.

२९ जुलै, नागपंचमी
चुलीवर तवा नाही, विळी नाही. मनूला दोन चमचे पेज. तेवढ्यानेही दमली.
घरात एकच विषय, येत्या रविवारची कानबाई. देवी रविवारी बसते, सोमवारी उठते. सुरतचे भाऊबंद येणार, पत्र्याचा मांडव घालायचा. घरातले पुरुष मोजायचे, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याचे रोट. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही, ज्याची मूठ त्याने घरातच खायचा. जावेच्या तान्ह्या पोराचीही मूठ आहे. दात नाहीत त्याला. बायकांनी दळायचं, थापायचं, नाक मुठीत धरून उभं राहायचं.
मनू पाच वर्षांची असताना सुपाशी बसून विचारत होती, “मनी मूठ कोठे शे, आजी?” सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरींची नसते. पोरगी दिवसभर आपली मूठ आवळून फिरली. मी तेव्हा हसले होते सगळ्यांबरोबर.

३१ जुलै, गुरु.
आता कळलं, ओट्यावर रोज कसली कुजबुज चालते. सुतक. मनू रविवारच्या आत गेली तर यंदाचे रोट राहतील.
नानांनी माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला, सतीशला दवाखान्याचं सांगितलं. “शनिवारी धुळाले टाकी देऊत. सोमवारलगून मशीनवर ठेवसूत. कानबाई उठनी की लई येसूत घर.”
लई येसूत. मांडवाचे पत्रे परत आणायचे तसं.
सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, घशात नळी घालतील, हात बांधतील, तुम्हाला दाराबाहेर बसवतील, आणि त्याने तिचं काहीही बरं होणार नाही. मी आवाज मोठा करून नवऱ्याला ऐकवलं. सतीश भिंतीकडे बघत म्हणाला, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.
बारा वर्षं संसार केला या माणसाशी. आज त्याचं ताट वाढलं नाही. वाढणारही नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.
मनूचे पाय गार. बोलणं फार थोडं.
मधल्या घरात गहू घेणं चाललं होतं. सासूबाई एकेक नाव घ्यायच्या, जावा सुपात बघत. नानांचं, त्यांच्या पोरांचं, सतीशचं, तान्ह्याचं. मला काय झालं माहीत नाही. आत गेले, पोत्यात हात घातला, मूठ भरून सुपात टाकली आणि म्हटलं, मनस्वी सतीश. धाकटी जाऊ चार पावलं मागे सरली. मी भांडायच्याच तयारीने उभी होते. सगळं जिभेवर होतं, तेलापासून मशीनपर्यंत.
सासूबाईंनी सुपाकडे बघितलं. “नुसती मूठ चालत नही,” म्हणाल्या. “सव्वा लागस.” आणि वरची पाव मूठ स्वतःच्या हाताने टाकली.
पुढचं नाव घेतलं.
मी माफ केलेलं नाही. त्यांना नातीचं वाटलं की विधी चुकायची भीती, देव जाणे. मला विचारायचंही नाही.

२ ऑगस्ट, शनि.
नानांनी गाडी दाराशी लावली. सतीशने मनूची पिशवी भरून आणली, टॉवेल, फाइल, तिची बाहुली सुद्धा. मी खाटेवर मनूला धरून बसले. हात लावून दाखवा म्हटलं.
सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. पुरण घोटता घोटता तिथूनच म्हणाल्या, “तिनी मूठ पडेल शे, नाना. ती रोट घरमाच खाई.”
नाना म्हणाले, आणि आजच काही झालं तर? सासूबाईंनी चुलीत लाकूड सारलं. नानांनी गाडी मारुतीच्या पारापाशी नेऊन लावली. संध्याकाळी परत येतो म्हणाले. किल्ली खिशातच आहे. पिशवी दाराशी, सतीश पिशवीशेजारी बसलाय. रडतोय. रडू दे.
धाप वाढलीय. डोकं उंच केलं, पंखा तोंडावर, औषध दिलं. सिस्टर निघाल्यात.
मनूच्या कानाशी सांगितलं, तुझी मूठ पडली गं.
डोळे उघडले नाहीत. ओठ हलले.
“सव्वा?”
हो म्हटलं. सव्वा.