पांढऱ्या रंगाखालचा हमाम

मी, पूरांदोख्त समीई, वय सत्तर, जन्म रश्तचा, धंदा चित्रकारी व शिकवणी, राहणार तेहरान, स्वखुशीने आणि कुणाच्याही भिडेला बळी न पडता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. माझ्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण अक्कल जागेवर आहे. लेखनाचं काम माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची मुलगी गोलनार करते आहे. मधेमधे ती "अम्मेजान, हे कशाला लिहायचं?" असं म्हणते, ते तिने लिहू नये.

१. शरियतीप्रमाणे माझ्या मालमत्तेतल्या तिसऱ्या हिश्श्यावरच माझी मर्जी चालते. उरलेले दोन हिस्से माझा धाकटा भाऊ ईरज याला आपोआप जातील, कारण मला नवरा नाही, मूल नाही. एकदा जमत आलं होतं. मुलगा इंजिनियर होता, चांगला होता. चहा पिताना त्याने विचारलं, "लग्नानंतर फुलंबिलं काढाल ना?" मी म्हटलं, "फुलं नाही, कोबी काढेन." त्याच्या आईने पेला खाली ठेवला आणि बोलणी तिथेच आटोपली.

२. माझ्या मर्जीच्या हिश्श्यात पहिलं घराचं तळघर, जिथे माझा वर्ग चालतो. ते मी तर्फे नावाच्या माझ्या विद्यार्थिनीला देते. अट एकच : "तुला जमणार नाही" हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारू नये. रोमला चित्रकला शिकून परतल्यावर माझं पहिलं प्रदर्शन लागलं, तेव्हा एका बुजुर्ग चित्रकारांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाईसाहेब, ह्याची वरची बाजू कुठली?" लोक हसले. मी म्हटलं, "ज्या बाजूने तुम्हाला त्रास होतो, ती." पुढे त्यांनी माझं एक चित्र भेट म्हणून मागितलं. ते हयात नाहीत, पण त्यांच्या मुलांनी मागितलं तरी देऊ नये.

३. चित्राच्या घोड्या, रंगाच्या सुऱ्या, कुंचले तर्फेलाच. चहाचा समोवर गोलनारला. (लिही गं, लाजू नकोस.)

४. आता मोठं चित्र. त्यात रश्तचा हमाम आहे आणि सात बायका अंघोळ करताहेत. कोपऱ्यात पाठमोरी बसलेली आमची आई आहे. तिने आयुष्यात फोटो काढू दिला नाही, म्हणून तिची एवढीच खूण उरली. लहानपणी मी तिची पाठ घासायचे. तिचा डावा खांदा थोडा खाली होता, तो मी डोळे मिटूनही काढू शकते.

क्रांतीच्या वर्षी मी आजारी पडून इस्पितळात होते. घराघरांत झडती होते अशी बोलवा होती. ईरजकडे किल्ली होती. मी घरी आले तेव्हा भिंतीवर पांढरा कॅनव्हास होता. त्याने रंगारी बोलावून सगळ्या बायकांवर पांढरा रंग फासला होता.

तो म्हणाला, "आबजी, तुला उचलून नेलं असतं!"

मी म्हटलं, "नेलं असतं तर नेलं असतं. तू आईला पुसलंस."

"आई? आई कुठे होती त्यात?"

"पाठ ओळखली नाहीस?"

तो खाली बसला. मी दार उघडून धरलं. तो गेला, आणि त्यानंतर कितीदा आला तरी मी ते दार उघडलं नाही.

पुढे मी शिकवत होते त्या शाळेने मला घरी बसवलं. मुली तळघरात येऊ लागल्या. तो पांढरा कॅनव्हास मी वर्गात टांगला आणि त्यांना म्हटलं, "ह्यात सात बायका आहेत. मी सांगते, तुम्ही काढा." हमाम न पाहिलेल्या मुलींनी वाफ काढली, ओले केस काढले. एकदा तर्फे म्हणाली, "उस्ताद, कोपऱ्यातल्या बाईबद्दल तुम्ही नेहमी थोडंच सांगता." मी वर्ग लवकर सोडला.

तीच तर्फे जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम शिकून आली. गेल्या हिवाळ्यात तिने ओल्या कापसाने कडेचा बोटभर भाग पुसला आणि ओरडली, "उस्ताद, हा नुसता भिंतीचा रंग आहे! पाण्याने निघतोय! खाली तुमचं हिरवं तसंच आहे!"

मी ईरजला बोलावणं धाडलं. जिना उतरताना त्याची काठी वाजत होती. पूर्वी तो दोन-दोन पायऱ्या उतरायचा.

मी विचारलं, "पाण्याने निघणारा रंग कुणी निवडला?"

"मीच. रंगाऱ्याला बजावलं होतं, पुन्हा निघाला पाहिजे."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू दार कुठे उघडलंस, आबजी?"

मी चाचपडत त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

सबब असं ठरवते की हे चित्र ईरजचं. मी असेपर्यंत चित्राला हात लावू नये. मला न दिसता ते उघडलं जावं हे मला सोसणार नाही. माझ्यानंतर सहा बायका तर्फेने आणि तिच्या मुलींनी उघड्या कराव्यात. कोपऱ्यातली सातवी ईरजने स्वतःच्या हाताने करावी. हात कापतो ही सबब चालणार नाही, तर्फे शेजारी बसेल. पुढे चित्र घरात ठेवायचं की मुलींना दाखवायचं, हे त्याने ठरवावं. तो घाबरट आहे, पण ह्या बाबतीत मी त्याच्यावर विश्वास टाकते.

५. माझ्या दगडावर नाव आणि "शिक्षिका" एवढंच कोरावं.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं आणि कबूल केलं. ईरजलाही आत बोलावून चौथं कलम ऐकवलं. त्याने काठी भिंतीला टेकवली. मग विचारलं, "सुरुवात कुठून करू, आबजी?"

"खांद्यापासून," मी म्हटलं. "हळू घास. तिला जोरात आवडायचं नाही."

निशाणी अंगठा : पूरांदोख्त समीई
साक्षीदार : फरामर्ज देहीमी, औषधविक्रेते, शेजारी
साक्षीदार : बतूल नखई, निवृत्त सुईण
लेखन : गोलनार समीई (सगळं लिहिलं, अम्मेजान.)

तेहरान, १२ आबान १३७२ (इ.स. १९९३)