कोरफडीच्या चौदा कुंड्या

मी, गल्लीत बेकरीवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, गुडघे सोडल्यास सर्व बाबतींत ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द.

१. राहते घर व खालची बेकरी मुलाला. भट्टीचे दार अडकते. लाथ मारू नये, जरा उचलून ओढावे.

२. दागिने लेकीला. बांगड्या एकाच हाताच्या आहेत. लग्नानंतर आठव्या दिवशी भट्टीतला तापलेला पत्रा दुसऱ्या हाताला चिकटला, तेव्हापासून त्या हातात मी काही घातले नाही. तोवर माझ्याशी धड न बोललेल्या सासूबाईंनी त्या दिवशी कोरफडीचे पान कापले, पिवळा चीक निथळू दिला आणि संध्याकाळपर्यंत गर लावत बसल्या. "आता घरची झालीस," एवढेच म्हणाल्या.

३. गच्चीवरच्या कोरफडीच्या चौदा कुंड्या सूनबाईला. रुंद पानांची भाजण्यावर आणि केसांना. ठिपक्यांची बुटकी नुसती शोभेची, ती कोणाला लावू नये. समोरचे शिंपीदादा न विचारता पाने तोडतात. त्यांना एक कुंडी द्यावी, म्हणजे माझ्यामागे तरी सुधारतील.

४. कुंड्या सूनबाईलाच का, ते लिहून ठेवते. तिला सातवा महिना होता, पोट साफ होत नव्हते. मी चिकासकट रस दिला. "काही होत नाही गं, आम्ही सगळ्यांनी घेतलाय," म्हणाले. तिने विश्वासाने घेतला. दुपारी कळा सुरू झाल्या. "गरोदर बाईला चीक? काकू, दोघांचा जीव गेला असता!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. नात वाचली. मुलगा मात्र बिऱ्हाड घेऊन वेगळा झाला. दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. मी कुंड्यांना पाणी घालणे सोडले. कोरफडच ती, मेली नाही.

मग एके सकाळी सूनबाई दारात उभी, कडेवर नात, तळहात इस्त्रीने भाजलेला. "आई, पान कापा."

मी गच्चीवरून रुंद पान कापून आणले.

"चीक निथळू द्या हं," म्हणाली आणि हसली.

मी माफी मागायला तोंड उघडले, तोच तिने नात माझ्या मांडीवर दिली. त्यानंतर घर पुन्हा भरले आणि ते बोलणे राहूनच गेले.

५. वकीलसाहेब म्हणाले, हे कलम कायद्यात बसत नाही. तरी ठेवले आहे. सूनबाई, माझे चुकले.

सही: बेकरीवाल्या काकू
साक्षीदार: १. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई २. मैदा आणणारे टेम्पोवाले
स्थळ: बेकरीच्या वरची खोली
दिनांक: ११ मार्च २०१९