टोपली शिवतात

३ फेब्रुवारी, सोमवार

म्युझियमच्या कार्यक्रमाची पत्रकं छापून आली! आठशे. ‘आपला इतिहास, आपले हात — मुलाबाळांसकट या.’ ढोल, दोरीवरच्या उड्या, गोष्टी, वेण्या घालणं, आणि मधल्या मोठ्या टेबलावर टोपल्या घेऊन आमची मम्मा. खाली बारीक अक्षरात माझं नाव. संयोजन : केझाया मॅनिगो. घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं असेल तर मृत्यूच्या बातमीत.

एक पत्रक फ्रिजवर लावलं. मम्माच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. म्हणाली, उद्या बघते.

४ फेब्रुवारी

बघितलं.

मी ऑफिसातून आले तेव्हा पत्रक फ्रिजवरून उतरून जेवणाच्या टेबलावर आलं होतं, आणि एका शब्दावर मम्माचं बोट. ‘गवताच्या टोपल्या विणायला शिका.’

“जाळं विणायचा तो तुझा बाप,” ती म्हणाली. “मी शिवते. विणणारी कुणी मिळाली तर बसव तिथे.”

मी म्हटलं, अगं, एक शब्द आहे. तिने भात ढवळायला घेतला. येणार नाही म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा तेच.

६ फेब्रुवारी

खरं लिहिते. इथे तरी.

चूक छापखान्याची नाही. आमच्या म्युझियमच्या प्रमुख मिस फोर्डहॅमनी विचारलं होतं, ‘शिवायला’ म्हटलं तर लोकांना कपडे वाटतील, ‘विणायला’ चालेल का? त्या तिकडे उत्तरेत, ओहायोच्या. आपल्यातल्याच, काळ्याच, पण टोपल्या त्यांनी म्युझियमच्या काचेतच पाहिलेल्या. त्यांना माहीत नसणं मी समजू शकते. पण मी? गवताची जुडी गोल वळवायची, चमच्याच्या दांड्याने भोक पाडायचं, त्यातून ताडाची पट्टी ओवून टाका घालायचा — हे शिवणं नाही तर काय? कॉलेजात याच टोपल्यांवर तीस पानं लिहिली. प्रत्येक पानावर ‘शिवणे’. आणि तिथे, मीटिंगच्या गुळगुळीत टेबलापाशी, म्हणाले, “हो हो, चालेल की.”

एक सेकंदही लागला नाही. त्याचंच वाईट वाटतंय. थोडा तरी वेळ लागायला हवा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर मिस ड्रुसिला. हायवेवर मम्माच्या टोपल्यांच्या टपरीशेजारी त्यांची टपरी, वीस वर्षं. डोक्यावर जांभळी हॅट, पिसासकट.

“आली गं आली, विणकर आली,” म्हणाल्या. “माझा स्वेटर कधी देतेस, पोरी?”

सगळ्या हसल्या. मम्माही हसली. तिचं हसणं जास्त लागलं.

जेवायला लाल भात होता. ताट बाजूला सारलं.

१२ फेब्रुवारी

पत्रकं पुन्हा छापणं शक्य नाही म्हणे. मग मी काल आणि आज बसून प्रत्येक पत्रकावर ‘विणायला’ खोडून वर पेनाने ‘शिवायला’ लिहिलं. वाटून झालेल्या दोनशेंचं काही करता येत नाही. उरलेल्या सहाशेंवर लिहिलं. मिस फोर्डहॅम दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, मला सांगायचं होतंस. त्यांचं बरोबर आहे.

अंगठा सुजलाय.

१४ फेब्रुवारी

मम्माला एक पत्रक दाखवलं. आज चष्मा लावून नीट पाहिलं. “अक्षर चांगलं आहे तुझं,” म्हणाली, आणि परत दिलं.

मग मी म्हटलं, बरं, नको येऊस. मला सुरुवातीची गाठ शिकव. मी बसते त्या टेबलावर.

ती उठून अंगणात गेली, वाळत घातलेलं गवत उलटंपालटं केलं. ते मघाशीच केलं होतं तिने.

आणि तेव्हा डोक्यात आलं. मी एकही टोपली सुरू केलेली नाही. जन्मात! लहानपणी टपरीवर बसायचे तेव्हा मम्मा गाठ मारून, वर तीन फेरे घालून माझ्या हातात द्यायची. पुढचं माझं. माझ्या मोठ्या बहिणीला, ओडेसाला, मात्र सहाव्या वर्षीच गाठ येत होती. मला वाटायचं ताई हुशार, माझे हात धांदरट. कधी विचारलंही नाही.

तीस पानांत गाठीवर एक अख्खं प्रकरण आहे माझं. आकृतीसकट.

१५ फेब्रुवारी

चैन नाही. दिवसभर बोटांत काहीतरी गुंडाळत होते — पिशवीचा बंद, फोनची वायर, स्वतःचे केस.

१७ फेब्रुवारी

मम्मा डॉक्टरकडे गेली होती. टपरी मी सांभाळत होते. तिची चमच्याची दांडी घेतली, मूठभर गवत घेतलं, माझीच आकृती समोर ठेवली. गाठ सुटते. पुन्हा मारली. सुटते. सहा वेळा. गवताचा चुरगळून भुसा झाला.

हे गवत पूर्वी आमच्या घरामागे उगवायचं. आता तिथे फाटक, आणि फाटकाच्या आत गोल्फ. मामा दोन तास गाडी चालवून कुठूनतरी आणतो. आणि मी मूठभर वाया घालवलं. कोटाच्या खिशात लपवलं. पंचवीस वर्षांची बाई, चोरासारखी!

२० फेब्रुवारी

मम्माने माझा कोट झटकायला घेतला आणि खिशातून सगळं खाली पडलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गवत वेचून टेबलावर ठेवलं, बसली, आणि एकेक काडी सरळ करत म्हणाली, “ओडेसाला गाठ शिकवली. ती टपरीवर आहे. तुला नाही शिकवली. तू तिकडे ऑफिसात आहेस.”

मी म्हटलं, म्हणजे मुद्दाम?

“मग काय विसरले?” म्हणाली. “ज्याला सुरुवात करता येते ना, तो उठत नाही मग त्या खुर्चीवरून. मी उठले का?”

मला रडू आलं, आणि रागही. कुणी सांगितलं होतं हिला निवड करायला? आणि ओडेसाला तरी कुणी विचारलं? म्युझियममध्ये मी लोकांना सांगत फिरते — वारसा, वारसा. माझ्या घरात तो माझ्यापासून जपून ठेवलेला, कडीकुलपात. माझ्या भल्यासाठी!

परवा कार्यक्रम. ओडेसाला विचारलं, तू बसशील का टेबलावर? तिला शनिवारी टपरी सोडता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हात दुखतायत, तरी लिहिते.

दहाला दारं उघडली. साडेदहाला माझ्या टेबलापाशी पंचवीस मुलं, आणि माझ्याकडे नुसतं गवत. मग मी बोलत सुटले. भात पाखडायची सुपं, समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून हातांत आलेली कला, कोणत्या शतकात काय. समोरच्या एका छोटीने आईला विचारलं, “ह्या बाई कधी थांबणार?”

साडेअकरा. आणि दारातून पिसांची जांभळी हॅट आत आली. तिच्यामागे मम्मा, रविवारच्या कपड्यांत, खांद्यावर पोतं. पोतं टेबलावर उलटं केलं — गाठ मारलेल्या, तीन-तीन फेरे घातलेल्या सुरुवाती! साठ तरी असतील. कधी केल्या? मी ऑफिसात असताना?

मम्माने खुर्ची ओढली. मुलांना म्हणाली, “इथे कुणी विणायला आलं असेल तर घरी जा.” मिस ड्रुसिला खो-खो हसल्या. एकही मूल गेलं नाही. दुपारी चारपर्यंत मी गवत ओलं करून देत होते, ती टाके बघत होती. मिस फोर्डहॅमसुद्धा शेवटी खाली बसल्या. तिने त्यांचे टाके दोनदा उसवले.

छोटीने विचारलं, “ही सुरू कशी करायची?”

मम्मा म्हणाली, “सुरुवात आई करून देते.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कॉफीला चमचा शोधत होते. ड्रॉवरमध्ये एक कमी. मम्मा मागच्या पायरीवर, हातात कानस, चमच्याचा दांडा घासत होती. मी म्हटलं, चर्चला उशीर होईल. “होऊ दे,” म्हणाली. “खुर्ची आण. आणि ती तुझी आकृती आत ठेवून ये.”